रेड्याची चावी

४ सप्टेंबर

भाऊजी,

तब्येतीची विचारपूस शेवटी करीन. आधी रेडा.

रेडा म्हणजे आमच्या वसाहतीचं गवत कापायचं यंत्र. हे नाव मुलांनी ठेवलं, कारण ते काळं आहे, फुरफुरतं आणि मनात येईल तिथे अडून बसतं. दोन वर्षं ते सायकलींच्या शेडमध्ये गंजत पडलं आणि मैदानातलं गवत कमरेला लागलं. गवत वाढलं तशी आमच्या चिटणिसांना फरशीची स्वप्नं पडू लागली. सगळं मैदान फरशी घालून बुजवायचं आणि वर गाड्या लावायच्या, असा त्यांचा ठराव आहे.

गेल्या सभेत मी उठले. म्हटलं, "ज्या वसाहतीत मुलाला पडायला माती नाही, तिथलं मूल उभं राहायला कुठे शिकणार?" टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या भरात आणखी एक वाक्य तोंडातून गेलं, ते जायला नको होतं. "यंत्र मी स्वतः दुरुस्त करते. अठ्ठावीस तारखेला, सभेच्या दिवशी सकाळी, ते चालवून दाखवते. नाही चाललं तर माझा विरोध मागे!" दुसऱ्या दिवशी ते वाक्य चिटणिसांनी टाइप करून सूचनाफलकावर लावलं.

तेरा घरं आहेत, घरटी एक मत. माझ्या हिशेबाने सात मैदानाच्या बाजूला, आपलं धरून. पण त्यातली दोन-तीन कुंपणावर आहेत. रेडा ओरडला तरच ती इकडे उडी मारतील.

इंजिन मी जेवणाच्या टेबलावर पूर्ण उघडलं. पुस्तकात बघून नव्या रिंगा घातल्या, नवं गॅस्केट घातलं, कार्बुरेटर दात घासायच्या ब्रशने घासला. जोडून झाल्यावर एकही स्क्रू उरला नाही, तरीही चालू होत नाही! दोरी नव्वद वेळा ओढून झाली. तीस वेळा मी, साठ वेळा तुमच्या भावाने. एकतीस वर्षं मराठी शिकवलं, पाचवीचा अख्खा वर्ग एका नजरेत गप्प केला, आणि एका सिलिंडरला बोलतं करता येत नाही म्हणजे काय?

तुम्ही इंजिनांचे फिटर. सांगा काय करू. फोनच करणार होते, पण तुमचा नियम आठवला.

तब्येत कशी आहे?

वहिनी


८ सप्टेंबर

वहिनींना साष्टांग नमस्कार. कंबर धरली आहे म्हणून कागदावरच घालतो.

नियम तसाच राहू द्या. फोनवर तुमच्याशी बोलायचं म्हणजे मी फक्त ऐकायचं. पत्रात निदान माझी पाळी येते.

आता कामाचं. इंजिन चालायला तीनच गोष्टी लागतात: स्पार्क, फ्युएल, कॉम्प्रेशन. प्लग काढून वायरला जोडा, त्याची बॉडी इंजिनला टेकवा आणि दोरी ओढा. स्पार्क दिसला पाहिजे. नसेल तर कॉइल आणि फ्लायव्हीलचा मॅग्नेट यांतली गॅप चेक करा, व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढीच हवी. टाकीतलं फ्युएल जुनं असेल तर ओतून टाका. प्लगच्या होलवर अंगठा दाबून दोरी ओढा. प्रेशरने अंगठा उडाला तर कॉम्प्रेशन ओके.

मग मला सिम्प्टम्स लिहा. रेडा काय म्हणतो ते लिहा. तुम्ही त्याला काय म्हणालात ते नको.

आपला धाकटा दीर


११ सप्टेंबर

भाऊजी,

तुमच्या पत्रात मराठी शब्द शोधायला भिंग घ्यावं लागलं. स्पार्क, फ्युएल, सिम्प्टम्स! ज्या भाषेच्या संताने रेड्याच्या तोंडून वेद वदवले, ती भाषा तुम्हाला एका इंजिनाला पुरत नाही? शब्द वापरला नाही की गंजतो, आणि गंजलेला शब्द ऐन वेळी फिरत नाही, हे फिटरला मी सांगायचं? यापुढे मराठीत लिहा, नाहीतर लाल शाईने तपासून परत पाठवीन.

तुम्ही सांगितलं ते सगळं केलं. ठिणगी आहे, निळी, टचकन पडते. पेट्रोल कालच आणलं. अंगठा उडतो, माझाही आणि ह्यांचाही. तरी यंत्र चालू होत नाही. उलट एक नवाच उद्योग सुरू झाला आहे. दोरी अर्धी ओढली की ती आतून उलटा हिसका मारते. काल ह्यांच्या हातातून मूठ सुटली आणि शेडच्या पत्र्यावर आपटली. मधूनच कार्बुरेटरच्या तोंडातून "फट्" असा आवाज करून थुंकतोही मेला.

तुमच्या भावाचं मला कौतुक वाटतं. रेडा फुसकला की माझा जीव खाली-वर होतो, पण ह्यांच्या चेहऱ्यावर कसं समाधान पसरतं! माझं मन राखायला हसत असणार बिचारे. गुडघे दुखतात तरी रोज संध्याकाळी मागच्या गल्लीत एकटेच फिरायला जातात. तासभर. मी येते म्हटलं तर म्हणतात, "नको, तू दमली असशील." चाळीस वर्षांत इतकी काळजी कधी केली नव्हती.

सतरा दिवस उरले आहेत.

वहिनी


१४ सप्टेंबर

वहिनी,

आज्ञा शिरसावंद्य. हे पत्र शुद्ध मराठीत आहे. शेजारच्या टर्नरला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "काका, कीर्तनाला कधीपासून जायला लागलात?"

तर ऐका. दट्ट्या वर येतो, झडपा मिटतात, ठिणगी पडते आणि दट्ट्या खाली ढकलला जातो. त्यावर जडचाक (मागच्या पत्रातलं फ्लायव्हील) फिरतं. कार्बुरेटरला मराठी शब्द सापडला नाही. मी त्याला जावई म्हणतो: कितीही स्वच्छ ठेवा, रुसायचा तो रुसतोच. पण या वेळी जावई निर्दोष आहे.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, दाब आहे, तरी उलटा हिसका बसतो. याचा अर्थ ठिणगी पडते, पण भलत्या वेळी. दट्ट्या अजून वाटेत असतानाच ती त्याला परत पाठवते. माझा संशय चावीवर आहे. चावी जागेवर आहे का ते बघा. ती जागेवर नसेल तर बाकी सगळी मेहनत वाया. तुमचं पुस्तक त्याबद्दल फारसं बोलणार नाही, पण सगळा खेळ तिच्यावर असतो.

दादालाही विचारा. जोडताना तो तुमच्या शेजारी होता असं दिसतं, तर चावीबद्दल त्याला माहीत असेल.

आपला धाकटा दीर


१७ सप्टेंबर

गद्दारा,

सख्खा भाऊ म्हणून तुला एक गोष्ट विश्वासाने सांगितली, आणि तू ती पत्रात लिहून तिच्याच हातात दिलीस?

काल जेवताना तिने तुझं पत्र मोठ्याने वाचलं. "चावीबद्दल ह्यांना माहीत असेल," असं म्हणून चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातला चमचा वरणात बुडाला. मी म्हटलं, "कसली चावी?" ती म्हणाली, "रेड्याची. भाऊजी म्हणतात सगळा खेळ तिच्यावर असतो." गवत कापायच्या यंत्राला चावी असते का रे? दोरी असते! हे मलाही कळतं. तू आडून माझ्या गुपचूप घेतलेल्या गाडीबद्दलच बोलतोयस.

तुला पुन्हा हात जोडून सांगतो. गाडी छोटी आहे, करडी आहे, आठ वर्षं वापरलेली आहे. लाँड्रीच्या मागे उभी असते. माझ्याने आता बसथांब्यापर्यंत चालवत नाही, एवढाच माझा गुन्हा. संध्याकाळी तिच्यात बसून मी पेपर वाचतो. काचा वर केल्या की एक अक्षर ऐकू येत नाही. तो सुखाचा तास तू घालवणार आहेस.

दुसरं तुला सांगितलं नव्हतं, ते आता सांगतो. फरशीच्या अर्जावर माझी सही आहे. चिटणीस जिन्यात भेटला, म्हणाला, "तुम्हालाही गाडीला जागा लागेलच ना?" आणि मी केली सही. घर माझ्या नावावर, तेव्हा मतही माझंच. तिच्या हिशेबातला सातवा मी आणि चिटणिसाच्या हिशेबातलाही सातवा मीच. म्हणून रेडा बंद राहिला तर बरं, असं मनात येतं. तो बंद राहिला तर तिलाच माघार घ्यावी लागेल आणि माझ्या मताची वेळच येणार नाही.

तू म्हणशील, बायकोला सांगायचं सोडून चोरासारखा काय वागतोस? सांगू कसं? चाळीस वर्षांत तिने मला "तुम्हाला काय वाटतं?" असं एकदाच विचारलं, पडद्याच्या रंगाबद्दल. मी तोंड उघडेपर्यंत कापड फाडून झालं होतं.

चावी मी बुटाच्या पॉलिशच्या डबीत लपवली आहे. तू आता एक शब्द लिहू नकोस.

दादा


१८ सप्टेंबर

भाऊजी,

चावी सापडली!

सगळं घर उलथंपालथं केलं. शिवणाची पेटी, पिठाचा डबा, तुमच्या भावाची जमीनमोजणीची जुनी ट्रंक, काही सोडलं नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांची मोजपट्टी रोज तेल लावल्यासारखी चकचकीत, हे एक नवल. आणि शेवटी चावी सापडली कुठे? बुटाच्या पॉलिशच्या रिकाम्या डबीत. तुम्ही म्हणालात तसंच, ह्यांना माहीत होतं. मी डबी उघडली तेव्हा ते दाढी करत होते, त्यांनी अर्ध्या मिशीवरच पातं फिरवलं.

चावी छान आहे. काळी, प्लॅस्टिकच्या मुठीची, वर दोन बटणं. आमच्या गंजक्या रेड्याला केवढी आधुनिक चावी! पण ती घालायला भोकच मिळत नाही. मागून बघितलं, पुढून बघितलं, उलटा करून बघितलं. हे म्हणाले, "शाळेच्या कपाटाची असेल." म्हटलं, "शाळेच्या कपाटाला बटणं कधीपासून?" तर म्हणाले, "हल्ली असतात."

तुम्हीच सांगा, भाऊजी, ही चावी कसली? तुम्हाला नक्की माहीत असणार. सविस्तर लिहा, आणि मराठीत.

दहा दिवस उरले आहेत.

वहिनी


२१ सप्टेंबर

वहिनी,

सगळी चूक माझी. मराठीच्या नादात मी "चावी" असा शब्द लिहिला, त्याला आमच्या कामात "की" म्हणतात. ती कुलपाची नसते. धातूचा एक छोटा चौकोनी तुकडा असतो, करंगळीच्या नखाएवढा. जडचाक ज्या दांड्यावर बसतं त्या दांड्यात एक खाच असते आणि जडचाकातही एक. दोन्ही खाचा समोरासमोर आल्या की त्यांच्यामध्ये हा तुकडा बसतो आणि दोघांना एकमेकांपासून हलू देत नाही. खाली चित्र काढलं आहे. चित्रात उंदरासारखं दिसतं ते जडचाक.

हा तुकडा मुद्दाम मऊ धातूचा करतात. पातं दगडावर आपटलं तर बाकीचं इंजिन वाचावं म्हणून हा कापला जातो. थोडासा कापला तरी जडचाक जरा सरकतं, चुंबक सरकतो आणि ठिणगीची वेळ चुकते. बाहेरून काहीही दिसत नाही.

आधी प्लगची वायर काढून ठेवा. वरचा नट सोडवा. जडचाक ओढून काढायचं अवजार हार्डवेअरवाल्याकडे मागा. हातोडा घेऊ नका. तुमचा स्वभाव मला माहीत आहे म्हणून पुन्हा लिहितो: हातोडा घेऊ नका. चावी नवी घाला, दांडा कोरड्या फडक्याने पुसा, नट पुस्तकात दिलाय तेवढा घट्ट करा.

डबीत सापडलेल्या चावीबद्दल मी काही लिहीत नाही. मी इंजिनाचा माणूस, बटणांतलं मला कळत नाही.

आपला धाकटा दीर


२१ सप्टेंबर, दुसरं पाकीट

दादा,

मी तुझ्या गाडीबद्दल अवाक्षर लिहिलं नव्हतं. यंत्राच्या आत खरंच चावी असते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

वहिनींना मी आत्ता खोटं लिहिलेलं नाही, नुसतं खरं टाळलं आहे. पण त्यांच्याकडे दोन्ही गुन्ह्यांना शिक्षा एकच असते. तेव्हा सभेच्या आधी तूच सांगून मोकळा हो. मिशी वाढेपर्यंत थांबू नकोस.

तुझा


२५ सप्टेंबर

भाऊजी,

रेडा बोलला!

जडचाक निघालं, हातोड्याशिवाय. खाली तुमची नखाएवढी चावी होती, मधोमध कापलेली. तिचा अर्धा भाग एका खाचेत आणि अर्धा सरकून दुसरीकडे. दोन वर्षांपूर्वी पातं कडेच्या दगडावर आपटलं होतं, त्याच दिवशी ती गेली असणार. मी रिंगा बदलल्या, गॅस्केट बदललं, सगळे निरपराधी धुऊन काढले आणि गुन्हेगाराला तसाच परत आत बसवला. नवी चावी घातली. दुसऱ्या ओढीला रेडा असा डुरकला की तिसऱ्या मजल्यावरचं बाळ जागं झालं आणि त्याची आई भांडायला खाली आली. यंत्र बघून म्हणाली, "मावशी, माझं मत तुम्हाला, पण आधी हे बंद करा."

आता दुसरी चावी.

भाऊजी, मी एकतीस वर्षं पोरांच्या खिशातून चिठ्ठ्या काढल्या आहेत. गाडीची चावी मला कळत नाही? डबी उघडल्याक्षणीच कळली. रेड्यात भोक शोधत बसले ते तुम्हा दोघा भावांची गंमत बघायला. "बटणांतलं मला कळत नाही" हे वाक्य वाचून मी एकटीच पोट धरून हसले.

तुमचं ते पत्र आलं त्याच दुपारी हे झोपले असताना मी मागच्या गल्लीत गेले आणि बटण दाबलं. लाँड्रीच्या मागे एका करड्या गाडीने मला डोळा मारला. आत जाऊन बसले. पाठीला उशी, दारात पेपरांची चळत, चष्म्याचं जुनं घर. आणि कप्प्यात फरशीच्या अर्जाची प्रत. सातवी सही बघून हसू पार पळालं. गाडीचं मला काही वाटलं नाही. सहीचं वाटलं. बारा घरांच्या दारात जाऊन मी मैदानासाठी हात जोडले, आणि माझ्याच घराचं मत परस्पर गेलं होतं.

तिथेच बसून मी भाषण तयार केलं. चाळीस मिनिटांचं तरी होतं. मुद्दे, उपमुद्दे, दोन सुभाषितं. काचा वर होत्या, म्हणून म्हणूनही बघितलं. भाऊजी, त्या गाडीत आवाज फार घुमतो. पंधरा मिनिटांत माझा मलाच कंटाळा आला. मग बराच वेळ नुसती बसले. तेरापैकी बारा घरांत जाऊन मी विचारलं होतं, "तुमचं मत काय?" तेराव्या घरात विचारलं नव्हतं. तिथे मीच राहते, मग कशाला विचारायचं?

चावी पुन्हा डबीत ठेवली आहे. ह्यांना मी काहीही बोललेले नाही. तुम्हीही कळवू नका. सभेत काय करायचं ते माझं अजून ठरत नाही. उभी राहिले तर वसाहतीसमोर नवऱ्याची लाज काढीन, आणि गप्प राहिले तर मैदान जाईल.

वहिनी


२९ सप्टेंबर

प्रिय भाऊ,

गद्दार म्हटलं ते मागे घेतो.

काल सकाळी आठ वाजता तिने रेडा बाहेर काढला. दोरी मी ओढली. चालू होऊ नये अशी इच्छा असताना पूर्ण ताकदीने दोरी ओढणं किती अवघड असतं, हे तुला कळणार नाही. पण चालू झाला. अकरापर्यंत तिने सगळं मैदान कापलं. गवताखाली तीन चेंडू, एक चप्पल आणि चिटणिसाची हरवलेली छत्री निघाली. मुलं तर वेडी झाली होती.

दुपारी सभा झाली. रेडा चालला, म्हणून तिचा विरोध कायम राहिला आणि ठराव मताला आला. बारा घरांची मतं झाली, सहा इकडे, सहा तिकडे. चिटणिसाने माझ्याकडे बघितलं आणि खिशातून अर्ज काढला. "एक मत राहिलं, पण ते लेखी आलेलंच आहे," म्हणून माझं नाव मोठ्याने वाचलं, सहीच्या तारखेसकट.

सगळे तिच्याकडे वळले. ती उभी राहिली. पुढच्या रांगेतल्या दोघांनी खुर्च्या मागे सरकवल्या. मला वाटलं, आता संपलं. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

आणि ती बसली.

मी वाट बघितली. ती पुढे बोललीच नाही. हॉलमधला पंखा इतका करकरतो हे मला पहिल्यांदाच कळलं. शेवटी मीच उठलो. चिटणिसाला म्हटलं, "गाडी माझी आहे आणि सहीही माझीच आहे. पण फरशी मला नको आहे. फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत भिंतीची सावली असते, तिथे आजवर गवताची काडी उगवलेली नाही. पट्टा एकतीस मीटर लांब आणि पाच रुंद. मी आठ वेळा मोजलाय. अकरा गाड्या आरामात राहतात. वसाहतीत गाड्या आहेत नऊ, माझी धरून. मैदानाला हात लावायची गरज नाही."

चिटणीस म्हणाला, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

म्हटलं, "इथे आधी मला बोलायला मिळालंय कधी?"

हशा झाला. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. चिटणीस गडबडला, म्हणाला की मग हा नवा ठराव म्हणून घ्यावा लागेल, याला अनुमोदन कोण देतंय?

ती उठली. मी डोळे मिटून घेतले.

"मी देते," ती म्हणाली.

आणि बसली. बारा हात वर गेले. चिटणीस मात्र पेन उघडं धरून तिच्या पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला.

दादा